स्ट्रॉबेरीचा पानमळा

"पानं बघा, पानं! हाताएवढी!"

लालासाहेब सुभेदार पॉलिहाऊसच्या दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकवायचे, आणि ते कानावर पडलं की त्यांच्या सुनेच्या, राजेश्वरीच्या, कपाळाची शीर उडायला लागायची. डिसेंबरभर कुंडलच्या त्या वस्तीवर माणसांची रीघ होती. आलेला माणूस पायातल्या चपला दाराशी काढायचा, देवळात शिरावं तसा हळूच आत शिरायचा, एक चक्कर मारायचा आणि बाहेर येऊन म्हणायचा, "सुभेदार, लय झ्याक हाय." आत आठ हजार रोपं होती आणि पिकलेली फळं शोधायला गेलं तर एक टोपली भरत नव्हती. पण हे विचारायचं एकालाही सुचत नव्हतं. सगळे पानंच बघत होते.

रोपं राजेश्वरीनं आणली होती. ती वाईची, सुमंत मास्तरांची मुलगी. शेतीची पदवी घेतलेली. लग्नानंतर नवरा ऋषिराज पठाणकोटला पलटणीत आणि ही इथं उसाच्या फडात. वर्षभर तिनं सासूबरोबर भाकऱ्या थापल्या आणि मग एक दिवस सासऱ्यांपुढं कागद ठेवला. दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस, त्यात स्ट्रॉबेरी. डोंगरावर उघड्यावर पिकणारं फळ संपतं तेव्हा आपलं चालू राहील असं तिचं गणित होतं. सासऱ्यांनी कागद नीट वाचला, मान डोलावली, आणि पॉलिहाऊस उभं केलं. त्या दिवशी तिला वाटलं, माणूस फौजेत राहिलेला आहे, जग बघितलेला आहे, आपलं नशीब चांगलं.

नशीब कसलं! लालासाहेबांच्या घरात तीन पिढ्या पानमळा होता. नागवेलीची पानं मिरजेच्या बाजाराला जायची तेव्हा यांच्या नावानं वेगळा भाव निघायचा म्हणे. बावीस वर्षांपूर्वी तो मळा वाळला. सुभेदार तेव्हा रजेवर आले होते आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक वेल मान टाकत गेला. ते दुःख त्यांनी पोटात तसंच ठेवलं होतं. आता पुन्हा एकदा बांबूच्या जागी लोखंडी पाइप उभे राहिले, आत दमट, हिरवं, सावलीचं काहीतरी वाढायला लागलं, आणि त्यांच्या मनानं घेतलं की आपला मळा परत आला. पीक कुठलं हा त्यांच्या लेखी किरकोळ मुद्दा होता.

मग त्यांनी पानमळ्याचे सगळे रिवाज लावले. चपला बाहेर. आत मोठ्यानं बोलायचं नाही. दक्षिणेला आणि पश्चिमेला शेवरी लावली, कारण पानमळ्याला शेवरीची सावली लागते. ती पावसाळ्यात अशी माजली की छपराच्या वर गेली. पॉलिहाऊसबरोबर सावलीची एक जाळी आली होती, ऊन फार झालं तर ओढायला. सुभेदारांनी दुसरी आणून तिच्यावर तारेनं पक्की बांधली. आणि सगळ्यात मोठा रिवाज हा की, बाईमाणसानं चार दिवस आत पाऊल टाकायचं नाही. विटाळ लागला की वेल जळतो.

"मामा, ही वेल नाही," राजेश्वरी म्हणाली होती.

"वेल नसंना का. नाजूक हाय का न्हाई?" असं म्हणून ते गेले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला.

तिनं फोनवर ऋषिराजला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, चार दिवस तर हायेत. तेवढाच आराम. आबांशी कशाला वाद घालतीस?" तिनं फोन ठेवला आणि ताटातली भाकरी तशीच गाईला घातली. तिला आराम नको होता. तिला तिचं पीक हवं होतं.

डिसेंबरच्या शेवटी एके सकाळी अकरा वाजता तिनं मोबाइलवर उजेड मोजला. बाहेर अंगणात आकडा ऐंशी हजारांवर गेला. आत, वाफ्यावर, पानाच्या उंचीला मोबाइल धरला तर बारा हजार. तिनं पुन्हा मोजला, दहा ठिकाणी मोजला. काही कोपऱ्यांत नऊ भरला. स्ट्रॉबेरीला चाळीस-पन्नास हजार मिळाले तर ती पोटभर जेवते. इथं चारातला एक घास जेमतेम तिच्या तोंडात पडत होता.

वर बघितल्यावर तिला दुसरा चोरही सापडला. नोव्हेंबरात साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं होतं आणि धुराड्यांतून उडणारी काळी राख रोज थोडीथोडी छपरावर बसत होती. वाळत घातलेल्या धोतरावर ती पडली की अख्खी वस्ती शिव्या देते. छपराच्या प्लास्टिकच्या कागदावर पडलेली कुणाला दिसते? वर राखेचा थर, त्याखाली दोन जाळ्या, बाजूनं शेवरी. आणि या सगळ्या अंधारात ती बिचारी रोपं उजेड शोधत होती. देठ लांब करत होती, पान रुंद करत होती, पातळ करत होती, कुठून कण मिळेल तो गोळा करत होती. पान उजेड खाऊन साखर करतं. त्यातनं आधी झाडाचं पोट भरतं आणि उरेल ते फुलाला, फळाला जातं. इथं उरतच नव्हतं. ज्या पानांचं लोक कौतुक करत होते ती सुदृढ नव्हती, भुकेली होती.

तिनं हे सगळं सासऱ्यांना सांगितलं. आकडे दाखवले. सुभेदारांनी मोबाइल हातात घेतला, लांब धरून बघितला आणि परत दिला.

"मागल्या पंधरवड्यात तू आत गेलतीस," ते म्हणाले.

ती गेली होती. पश्चिमेच्या बाजूला ठिबकची नळी फुटली होती, वाफ्यात पाण्याचं तळं झालं होतं, घरात दुसरं कुणी नव्हतं आणि तिचा तिसरा दिवस होता. ती धावत आत गेली, नळी जोडली आणि बाहेर आली. कुणीतरी बघितलं, कुणीतरी सांगितलं.

"गेले नसते तर दोन वाफे कुजले असते!"

"आता आठ हजार रोपं वांझ ऱ्हायली त्याचं काय?" त्यांचा आवाज चढला नव्हता. तोच आवाज जास्त चीड आणणारा होता, कागदावर सही झाल्यासारखा. "शिवरातीपातूर बघतो. न्हाई फळ धरलं तर उपटून टाकायचं आन् नागवेल लावायची. मग तुला त्यात काम न्हाई."

ओसरीवर तिची सासू अंजना तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. राजेश्वरीला तिचाही संताप आला. एक शब्द? बाई असून एक शब्दही नाही?

संक्रांतीनंतर सुभेदार पेन्शनच्या कामासाठी साताऱ्याला गेले. जुना सोबती तिथं राहत होता, त्यामुळं दोन दिवस मुक्काम ठरलेला. त्यांची गाडी कराडच्या रस्त्याला लागल्याबरोबर राजेश्वरीनं पदर खोचला आणि कोयता उचलला.

पूर्वेकडून सुरुवात केली. आधी दक्षिणेच्या शेवरीचा अर्धा पट्टा आडवा केला. मग आत जाऊन वरच्या जाळीच्या तारा पक्कडीनं तोडल्या. सुभेदारांनी एकेक तार अशी आवळली होती की जणू शत्रूच्या मुसक्या बांधल्या आहेत; ती प्रत्येक तार तोडताना दात खात होती. दुसऱ्या दिवशी शिडी लावली, फवारणीच्या पंपाची नळी खांद्यावर घेतली, लांब वेळूला गोणपाट बांधलं आणि ती छपराच्या पन्हळीवर चढली. वर उभी राहिली आणि लक्षात आलं की खाली मोटार चालू करायला कुणी नाही.

तेवढ्यात मोटार सुरू झाली. खाली अंजना उभी होती. बटणाजवळ तशीच उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत जेव्हा जेव्हा पाणी हवं होतं तेव्हा तेव्हा तिनं ते दिलं. छपरावरून काळ्या पाण्याचे ओघळ वाहत होते. राजेश्वरीच्या तोंडात, कानात, केसात राख गेली. ती धूत राहिली. शिव्याही देत राहिली, मास्तरांच्या घरात कधीच उच्चारल्या गेल्या नव्हत्या अशा.

पूर्वेचा अर्धा भाग झाला आणि सुभेदार एक दिवस आधीच परतले.

त्यांनी आडवी पडलेली शेवरी बघितली, तुटलेल्या तारा बघितल्या, आणि सुनेला छपरावर बघितलं. "उतर खाली!" त्यांचा असला आवाज वस्तीनं कधी ऐकला नव्हता. "उघडं पाडलंस! कोवळ्या पानावर ऊन घातलंस! डोकं फिरलंय का तुजं?"

"माझं नाही फिरलं!" ती वरूनच ओरडली. "तुमची रोपं उपाशी मरतायत आणि तुम्ही त्यांना आणखी पांघरूण घालताय!"

अर्धा तास दोघं भांडली. शेजारच्या रानातले ऊसतोडे काम थांबवून बघत राहिले. शेवटी सुभेदारांनी फौजेतल्यासारखा निकाल दिला. उगवतीचा अर्धा भाग तिचा, मावळतीचा त्यांचा. तिनं तिच्या भागाला हवं ते करावं, त्यांच्या भागाच्या तारेला हात लावायचा नाही. शिवरात्रीला बघायचं.

"पर चार दिस आत याचं न्हाई. तुज्या भागात बी न्हाई. हे कबूल कर."

राजेश्वरीनं ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. ती मान होकाराची होती असं त्यांनी धरलं. तिनं धरू दिलं.

पहिल्या आठवड्यात तिच्या भागातली मोठाली पानं कडेनं करपली. सुभेदार रोज सकाळी दोन्ही भागांच्या मधोमध उभे राहून ती करपलेली पानं बघायचे, काही न बोलता निघून जायचे, आणि ती मनात म्हणायची, बोला ना, बोला! मग झाडांच्या पोटातून नवी पानं आली. लहान, जाड, आखूड देठाची. कौतुक करण्यासारखं त्यांच्यात काही नव्हतं. आणि त्या पानांच्या मधून पांढरी फुलं वर आली, आधी दहा-वीस, मग मोजता येईनात इतकी.

फुलं आली म्हणजे आत जायलाच हवं. पॉलिहाऊसात मधमाशी चुकून येते. बाजूचे पडदे वर करायचे आणि रोज सकाळी मऊ कुंचला घेऊन एकेका फुलावरून फिरवायचा, नाहीतर फळ वेडंवाकडं होतं. चार दिवस खाडा करून चालत नाही. त्या महिन्यात राजेश्वरीनं घरात कुणाला काही सांगितलंच नाही. स्वयंपाक केला, देवापुढं दिवा लावला आणि कुंचला घेऊन आत गेली. पहिल्या दिवशी छाती धडधडली. मग त्या धडधडीचाच राग आला. शेतीची पदवी घेतलेली बाई आपल्याच पिकात चोरासारखी शिरते म्हणजे काय!

फेब्रुवारीत ऊन वाढलं तसं तिनं उरलेली जाळी दुपारी बारा ते तीन ओढायला सुरुवात केली. फळाला उजेड हवा, होरपळ नको. तीन वाजले की पुन्हा उघडी. तिच्या बाजूला हिरव्या गोट्या फुगल्या, पांढुरक्या झाल्या, मग लाल. पश्चिमेच्या अंधारात पानं अजूनही हाताएवढी होती आणि त्यांच्या खाली चार-दोन आंबट बोरं.

महाशिवरात्रीच्या पहाटे राजेश्वरीनं पहिला मोठा तोडा केला. अठरा पाट्या भरल्या. तिचा दुसरा दिवस होता. पोट दुखत होतं, कंबर मोडून आली होती, आणि ती एकेक फळ देठासकट खुडून पाटीत ठेवत होती. सुभेदार आंघोळ करून, फेटा बांधून आले. त्यांनी त्यातली सगळ्यात देखणी पाटी उचलली आणि महादेवाच्या देवळात घेऊन गेले. पिंडीवर फळं वाहिली. येताना पाच-सहा शेतकऱ्यांना बरोबर घेऊन आले, पुढं पलूसचे भाऊसो. उपासाचा दिवस, फळाला हरकत नाही. अंगणात खुर्च्या मांडल्या गेल्या, प्रसाद वाटला गेला.

राजेश्वरी ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती. तिला वाटलं, आता ते म्हणतील. निदान एवढं म्हणतील की सुनेचं खरं निघालं.

"ह्याला म्हनायचं पथ्य," सुभेदार म्हणाले. "डिसेंबरात जरा चूक झालती. पोरगी शिकलेली, तिला म्हाईत न्हवतं. मी सांगितलं, तिनं ऐकलं. दोन महिनं चार दिस आत पाऊल न्हाई. बघा फळ!"

"आन् मावळतीकडं का न्हाई धरलं?" भाऊसोंनी विचारलं.

"तिकडंच फुटलीती की नळी. विटाळ तिकडंच लागलाय."

माणसांनी माना डोलावल्या. सगळ्यांना पटलं! राजेश्वरीच्या कानात शिट्टी वाजायला लागली. दिवसभर खाल्लेली ती राख, करपलेल्या पानांचे ते आठवडे, वाकून वाकून फिरवलेला कुंचला, सगळं या माणसानं एका वाक्यात उचललं आणि आपल्या रिवाजाच्या खात्यावर टाकलं. ती खांब सोडून पुढं आली.

"मामा, मी पथ्य पाळलेलं नाही."

"काय?"

"मागच्या महिन्यात चारही दिवस मी आत होते. फुलांवर कुंचला फिरवत होते. आणि आज माझा दुसरा दिवस आहे. तुमच्या हातात आहे ती पाटी मी पहाटे तोडली. महादेवाला जी वाहिलीत ती याच पाटीतली."

एका म्हाताऱ्याच्या गालात फळ तसंच राहिलं. गिळावं की थुंकावं ते त्याला कळेना. सुभेदारांनी पाटी खाली ठेवली.

"देवाच्या पिंडीवर!" ते ओरडले. "शिवरातीला! अगं, पाप लागंल! पानमळा असाच गेला माजा. भरला मळा. घरच्या बाईनं पथ्य मोडलं आन् म्हैन्यात वाळला. हिनंच, हिनं सोताच्या तोंडानं कबूल केलंय!" त्यांनी ओसरीकडं बोट केलं.

राजेश्वरीनं वळून बघितलं. तिला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. अंजना दारात उभी होती. ती पायरी उतरून अंगणात आली, पुरुषांच्या समोर. इतक्या वर्षांत ती कधी अशी आली नव्हती.

"कबूल केलं," अंजना म्हणाली. "तुमची आई तीन दिस माज्याम्होरं उपाशी बसली. वस्तीवरच्या बाया रोज येऊन इचारायच्या. तुमी खाटंवर तोंड फिरवून निजलावता. कुनीतरी पापी पायजे हुतं. मग मी म्हनलं, व्हय, गेलते." तिचा आवाज फुटला नाही. उलट तो एकेका शब्दाला कडक होत गेला. "मी गेले न्हवते. कवाच न्हाई. भीत हुते तुमच्या आईला. दाराच्या आत मी चार दिसांत एकदा सुदिक पाय टाकला न्हाई. आन् तरी मळा वाळला. ही पोरगी आत गेली तर फळ धरलं. आता बोला."

अंजना पुढं झाली, पाटीतलं एक फळ उचललं आणि सगळ्यांदेखत खाल्लं. मग त्या म्हाताऱ्यानंही गालातलं गिळलं.

भाऊसो खाकरले. त्यांना काहीतरी विचारायचं होतं आणि आता राहवत नव्हतं. "सुभेदार," ते हळूच म्हणाले, "उगवतीकडची जाळी दिसातनं किती येळ उघडी ठेवायची म्हनायची?"

लालासाहेबांना माहीत नव्हतं. त्यांनी सुनेकडं बघितलं नाही, नुसतं बोट तिच्याकडं केलं. "तिला इचारा."

राजेश्वरीला वाटलं होतं, हे दोन शब्द ऐकले की आपला राग उतरेल. तो उतरला नाही. बावीस वर्षं! तिच्या सासूनं न केलेला गुन्हा बावीस वर्षं अंगावर वागवला होता आणि आपण तिलाच मुकी म्हणून मनात बोल लावले होते. भाऊसोंना तसंच सोडून ती अंजनाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

सुभेदार खुर्चीत बसले. एकदम म्हातारे दिसायला लागले. अंजनाकडं न बघता, जमिनीशी बोलावं तसं त्यांनी विचारलं, "मग मळा गेला कशानं?"

अंजनानं हाताला लागलेला रस पदराला पुसला.

"मला काय ठावं? मला आत कुनी येऊ दिलं?"